जुन्या लाकडी बोटीचे सांधे भरताना

प्रेषक: सभासद, इंग्लंडचा पूर्व किनारा

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे चोवीस फुटी शिडाची जुनी बोट आहे, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. ती दुसऱ्या महायुद्धापूर्वीची असून तिच्या फळ्या लार्चच्या (हे थंड प्रदेशातले सूचिपर्णी झाड) आणि बरगड्या ओकच्या आहेत. माझ्या आजारपणामुळे ती वर्षभर किनाऱ्यावर कोरडी पडून राहिली आणि आता तळाच्या कण्यालगतच्या दोन सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. एका दुरुस्ती करणाऱ्याने हे सांधे इपॉक्सीने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या कृत्रिम राळेने, कायमचे बंद करून देण्याची तयारी दाखवली आहे. माझ्या धक्क्यावरील इतर लाकडी बोटींचे मालक मात्र तसे करू नका असे बजावतात, पण कारण विचारले की प्रत्येक जण निराळे सांगतो. विजयदुर्गजवळच्या काकांनी निवृत्तीनंतर मचवा, म्हणजे शिडाची लाकडी होडी, ठेवला असल्याने हा प्रश्न मुद्दाम येथे मांडत आहे. काका, आपल्याकडे हे काम कसे करतात?

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम गिर्ये, तालुका देवगड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेजाऱ्यांचे ऐका आणि इपॉक्सी भरू नका. ही चूक मी स्वतः करून बसलो आहे, तेव्हा कारण सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

माझ्या मचव्याच्या वरच्या फळ्या सागवानी आहेत, पण पाण्याखालच्या आंब्याच्या आहेत. मी तो घेतला तेव्हा मे महिना होता आणि उन्हाने फळ्या इतक्या आकसल्या होत्या की सांध्यात पोस्टकार्ड सहज जात असे. बाजारातून दगडासारखी घट्ट होणारी लांबी (फटी बुजवायची पुटी) आणून मी प्रत्येक फट काठोकाठ भरली, वर दोन हात रंग दिला आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर, मचवा मोठ्या ऐटीत पाण्यात लोटला. लाकूड पाणी पिऊ लागले, फळ्या फुगल्या, पण फुगण्यासाठी लागणारी जागा मी आधीच बुजवून टाकली होती. तिसऱ्या दिवशी आत बसलो असताना वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाहतो तो दोन बरगड्यांना चीर गेलेली. फट ही बोटीची खोड नसून तिचा श्वास आहे, हे मला बरगड्यांच्या किमतीत समजले.

आमच्या खाडीवरील एका वृद्ध मिस्त्रींनी ती सगळी लांबी माझ्याच हातांनी खरवडून काढायला लावली. त्यात पंधरा दिवस गेले. नंतर त्यांनी तेलात भिजवलेला, सैल पिळाचा कापसाचा धागा, एक बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडा माझ्यासमोर ठेवला. मी पहिले चार ठोके घातले तोच त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, ‘‘आवाज बदललो की थांबा.’’ धागा सैल असतो तोवर ठोक्याचा आवाज मऊ व बसका येतो आणि तो पुरेसा दाबला गेला की खणखणीत होतो. त्यानंतर मारलेला प्रत्येक ठोका फळ्यांना एकमेकींपासून लोटतो. हे त्यांनी दुसऱ्यांदा तोंडाने सांगितले नाही, हातोडा माझ्या हातात देऊन ते शेजारी विडी ओढत बसले आणि मी चुकलो की नुसते खाकरत.

धाग्यावर भरायची लांबी मऊच राहिली पाहिजे. ते जवसाचे तेल, खडूची पूड आणि शेंदूर एकत्र मळतात. जुना शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, तुमच्याकडे ज्याला रेड लेड म्हणतात तोच. म्हणून हातमोजे व तोंडाला फडके विसरू नका, मिस्त्री विसरतात म्हणून आपण विसरू नये.

आता तुमच्या बोटीपुरते. सागवान पाण्यात फारसा फुगत नाही. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ आजही तुमच्या इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. जमल्यास पाहून या. लार्च मात्र सागापेक्षा पुष्कळ फुगतो. तेव्हा तुमचा हात माझ्यापेक्षाही हलका हवा. आधी आठवडाभर आतून ओली गोणपाटे अंथरून ठेवा आणि ती खाऱ्या पाण्यानेच भिजवा, कारण गोड्या पाण्याने लाकूड कुजते. याच कारणासाठी आम्ही पावसाळ्यात मचव्यावर झाप शाकारतो, पण दोन्ही टोके वाऱ्यासाठी उघडी ठेवतो. जी फट आठवड्याने आपोआप मिटेल, तिला हात लावू नका.

पहिल्या रात्री बोटीवर एकट्या राहू नका. दुसऱ्या वेळी मी अमावास्येच्या उधाणावर मचवा सोडला तेव्हा तासाभरात पाणी घोट्याच्या वर आले. शेजारच्या लाकडी होडीचे मालक न बोलावता पत्र्याचा डबा घेऊन चढले आणि आम्ही आळीपाळीने रात्रभर पाणी उपसले. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला तेव्हा डबा अर्धाच भरू लागला होता. संध्याकाळपर्यंत तीन तासांतून एकदा उपसणे पुरले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणून त्यांचे फाटलेले शीड मी बसून शिवून दिले. टाके वाकडे आले आहेत, हे ते भेटेल त्याला सांगतात.

माझीही एक अडचण आहे. माझ्या मचव्याचे लोखंडी खिळे गंजले असून भोवतीच्या लाकडावर काळे डाग पडले आहेत. तुमच्याकडे तांब्याचे खिळे कसे बसवतात?

प्रेषक: सभासद, इंग्लंडचा पूर्व किनारा

काकांस सादर नमस्कार.

दुरुस्ती करणाऱ्यास नकार कळवला. गोणपाटे नवव्या दिवशी काढली तेव्हा दोनपैकी एक सांधा पूर्ण मिटला होता. दुसऱ्यात धागा भरताना आवाज बदलतो म्हणजे काय, ते माझ्या कानांना सहाव्या ठोक्याला समजले. बोट पाण्यात उतरवल्यावर दोन दिवस क्रेनच्या पट्ट्यांतच ठेवली. रात्री धक्क्यावरच्या दोन शेजाऱ्यांनी आपापले पंप आणले आणि तुमची डब्याची गोष्ट ऐकून फार हसले.

खिळ्यांविषयी: फळी आणि बरगडी यांतून आधी बारीक भोक पाडून तांब्याचा चौकोनी खिळा बाहेरून आत ठोकतात. आतील टोकावर तांब्याचीच छोटी, घुमटाकार चकती दाबून बसवतात, उरलेले टोक कापतात आणि बाहेरून जड लोखंड टेकवून धरून आतून हलके ठोकत ते चकतीवर पसरवतात. याला दोन माणसे लागतात. बाहेरचा हात ढळला की खिळा वाकतो. मात्र एकाच फळीत तांबे आणि लोखंड शेजारी शेजारी ठेवू नका, कारण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीने लोखंड फार लवकर झिजते. जेथे बदलाल तेथे त्या फळीचे सगळेच खिळे बदला.

डिसेंबरात मी रत्नागिरीला येणार आहे. खिळे आणि चकत्या सोबत आणते, ठोकताना बाहेरचे लोखंडही मीच धरीन. फळी आणि बरगडी मिळून जाडी किती आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजून कळवावे.