‘दास मान’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

एम.ए.च्या सेमिनारला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा ‘झाइन उंड त्साइट’ (‘असणे आणि काळ’, १९२७) लावला आहे. वर्गात मॅक्वरी आणि रॉबिन्सन यांचं १९६२चं इंग्रजी भाषांतर वाचतो, निबंध मात्र मराठीत लिहायचाय. माझ्या वाट्याला कलम २७ आलंय. त्यातली मुख्य संज्ञा ‘दास मान’, इंग्रजीत ‘द दे’ (‘ते’): ‘असं करतात’ म्हणताना जो कोणी करणारा गृहीत धरतो, तो बिननावाचा कोणीतरी. मी कच्च्या खर्ड्यात ‘लोक’ लिहिलंय. एक मैत्रीण म्हणते ‘कळप’ लिही. जर्मन शब्द तसाच ठेवावा तर देवनागरीत तो ‘मान-सन्मान’मधला मान होऊन बसतो. ‘लोक’ चालेल का?

प्रतिसाद १

कळप नको. तो जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेकडचा, आणि त्यात तुच्छता ठासून भरलेली. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डनेही १८४६मध्ये ‘पब्लिक’ची अशीच सालटी काढली होती. हायडेगरच्या लिखाणातही थोडा तिरकसपणा डोकावतो, नाही असं नाही. पण दास मान हा माणसाच्या असण्याच्या घडणीतलाच भाग आहे, हे तो त्याच कलमात स्वच्छ सांगतो. हातोडा कसा धरायचा, ओळखीचं कोणी भेटलं की काय बोलायचं, हे आपण तिथूनच तर उचलतो.

‘लोक’ची अडचण वेगळी. ‘लोक काय म्हणतील’ म्हटलं की लोक पलीकडे आणि मी अलीकडे. इथे तर मीच त्यात आहे. मजा करतात तशी मी मजा करतो, पुस्तकाला बरंवाईट म्हणतात तसं मीही म्हणतो, आणि गर्दीपासून लांब राहतात तसाच गर्दीपासून लांबही राहतो. हे शेवटचं हायडेगरने मुद्दाम घातलंय. रविवारी ‘गर्दी नको बाबा’ म्हणून गडावर जाणारे आठवा. पायथ्याला गाडी लावायला जागा नसते.

प्रतिसाद २

जर्मन शिकवते, म्हणून व्याकरणापुरतं सांगते. ‘मान’ हे सर्वनाम आहे, क्रियापद एकवचनी घेतं, आणि बोट कोणाकडेच दाखवत नाही. ‘मान झाग्ट’ म्हणजे आपलं साधं ‘म्हणतात’. पोरगं नाकात बोट घालायला लागलं की जर्मन आई म्हणते, ‘दास माख्ट मान निश्ट’. मराठी आई म्हणते, ‘असं नाही करत’. नाही करत म्हणजे कोण नाही करत? दोन्हीकडे पत्ता नाही. आपल्याकडे तर सर्वनामही लागत नाही, सगळा भार एकट्या क्रियापदावर.

हायडेगरने केलं काय, तर त्या सर्वनामाला नपुंसकलिंगी उपपद लावून त्याचं नाम बनवलं. पुरुष या अर्थाचा जर्मन शब्द उच्चाराला सारखाच, पण तो पुल्लिंगी आणि त्याला ‘डेअर’ लागतं; त्याच्याशी गल्लत नको. आणि इंग्रजी ‘द दे’वरून मराठी करू नका. तुमच्या ‘लोक’मधली मेख तिथूनच आलीय. अमेरिकन अभ्यासक ड्रायफसने या ग्रंथावरच्या १९९१च्या भाष्यात म्हणूनच ‘द वन’ वापरलं.

प्रतिसाद ३

मग ‘आपण’ का नको? ‘आपण असं बोलत नाही.’ मीही त्यात आलोच की.

प्रतिसाद २

‘आपण’ फार जवळचा आहे हो. समोर कोणीतरी समजावत बसलंय असं वाटतं. ‘आमच्यात असं करत नाहीत’ हे त्याचं भावंड घ्या. ‘आमच्यात’ म्हटलं की घर, भावकी, जात, सगळी कुंपणं एका दमात उभी राहतात. दास मानला कुंपण नाही.

प्रतिसाद ४

‘चारचौघे’ अजून कोणीच कसं काढलं नाही? ‘चारचौघांसारखं वागावं’ यात हायडेगरला हवा तो सरासरीपणा आयता मिळतो, आणि वागणारा मीच असतो. उणीव एकच. चारचौघे बघेही असतात: ‘चारचौघांसमोर शोभा झाली’. दास मान बघत बसत नाही. तो सापडतच नाही. अमुक कोणी केलं म्हणून शोधायला जावं तर ‘कोणीच नाही’ हे उत्तर येतं, असं हायडेगर म्हणतो.

आमच्या सोसायटीच्या बैठकीत हे दर वेळी घडतं. गच्चीला कुलूप का? ‘तसं ठरलंय.’ कोणी ठरवलं? ‘ठरलंय ना पूर्वीच.’ इतिवृत्ताची वही उघडली, तर ठरावच नाही. सेक्रेटरीही खोटं बोलत नव्हते, त्यांनाही कोणीतरी ‘ठरलंय’ असंच सांगितलं होतं. कलम २७ शिकवायला मी तरी हेच ‘ठरलंय’ घेईन.

मूळ प्रश्नकर्ता

‘ठरलंय’ चोरतोय. क्रियापदांवर बराच निबंध निघेल, पण पुढे ‘मान-झेल्ब्स्ट’ (दास मानमध्ये मिसळून गेलेला स्व) येतं, तिथे नामाशिवाय गाडी हलत नाही. ‘करतात-स्व’ लिहिलं तर बाई वही भिरकावतील.

प्रतिसाद ४

मग नाम ‘चारचौघे’ आणि ‘मान-झेल्ब्स्ट’ला ‘चारचौघांतला मी’. पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या, की या चौघांत मीही धरलाय आणि इथे बघे अभिप्रेत नाहीत. उलगडून सांगायची वाक्यं मात्र ‘म्हणतात’, ‘करतात’, ‘ठरलंय’ अशीच ठेवा, तिथे चारचौघे घुसवू नका.

प्रतिसाद १

‘चारचौघांतला मी’ झकास. माझा ‘लोकाचार’ सुचवायचा विचार होता, पण त्याला ग्रंथांचा वास येतो, मागे घेतो. विषयाला सोडून एक: शीर्षकात ‘अस्तित्ववादी हायडेगर’ लिहू नका. १९४७च्या मानवतावादावरच्या पत्रात त्याने फ्रेंच अस्तित्ववादी सार्त्रपासून स्वतःला वेगळं काढलंय, आणि तोंडी परीक्षेत ते हमखास विचारतात.