मदत हवी आहे: पित्तनलिकेचा कॅन्सर कशामुळे होतो? सावजी, प्रेस की आणखी काही?

महालकर:

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बाबांना (थोरले काका, वय ६८) गेल्या महिन्यात पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला. सुरुवात काविळीनं झाली. शेजाऱ्यांनी काविळीची माळ घालायला लावली. माळ रोज लांबत होती आणि बिलीरुबिन रोज चढत होतं. अंगाला खाज इतकी, की रात्री उठून कंगव्यानं पाठ खाजवायचे. शौचाला पांढरट व्हायला लागली तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. आता पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकलाय, ऑपरेशनचं पुढच्या आठवड्यात ठरेल. उपचाराचं डॉक्टर बघताहेत, त्याबद्दल विचारत नाही.

घरात रोज एकच पंचायत: हे झालं कशानं? मोठी आई म्हणते सावजीची तर्री. बाबा म्हणतात प्रेस, कारण मोठे बाबा इतवारीतल्या छापखान्यात ३२ वर्षं ऑफसेटवर होते आणि रोलर रॉकेलनं पुसायचे. नेटवर जपानमधल्या ओसाकातल्या छापखान्यात कामगारांना हाच कॅन्सर झाल्याचं वाचलं, तेव्हापासून मलाही तीच शंका येते. माशातल्या कृमीनं होतो असंही वाचलं, आणि आमच्याकडे दर रविवारी मासोळी असते. दारू नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) आहे, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

जाता जाता: हा आजार घराण्यात येतो का? धाकट्या भावाला (३४) आठ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. रक्ताच्या तपासणीत त्याचं अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हर टेस्टमधलं एक एन्झाइम) दोनदा वाढलेलं आलं, गोळ्यांमुळे असेल म्हणाले.

तर्रीपोहा:

सावजीला उगाच बदनाम करू नका बाप्पा. माझ्या सासऱ्यांना हाच आजार झाला, ते जन्मभर माळकरी.

डॉ_धंतोली:

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण कामाचं तेच आहे. कोलायटिसच्या काही थोड्या पेशंटना प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस होतो. पित्ताच्या नळ्यांना सूज येते, त्या जागोजाग आवळत जातात. ज्यांना हा आजार आहे त्यांना पित्तनलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. हा धोका मोठ्या बाबांकडून आलेला नाही, त्याच्या स्वतःच्या आजाराचा आहे. फॉस्फेटेज दोनदा वाढलंय, तर गोळ्यांवर ढकलून मोकळं होऊ नका. पोटविकारतज्ज्ञांना जुने रिपोर्ट दाखवा, एमआरसीपीचं (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) विचारा. निघेलच असं नाही, पण बघायला हवं.

ओसाकाचं खरं आहे. तिथे शाई पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन वापरायचे, हवा न खेळणाऱ्या खोलीत, वर्षानुवर्षं. आजारी पडलेल्यांत बरेच तरुण होते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते कर्करोगकारक ठरवलं. रॉकेल म्हणजे ते नव्हे. तरी प्रेसमध्ये आणखी कुठलं द्रावण असायचं, ते मोठ्या बाबांना विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला.

कृमीचं थायलंड-लाओसकडे जास्त, कारण तिथे गोड्या पाण्यातली मासोळी कच्ची किंवा अर्धकच्ची खातात. आपल्या रश्श्यात शिजून तो मरतो. तिखटाचा संबंध नाही. खर्रा मात्र सोडायला लावाच, तोंडाच्या कॅन्सरसाठी तो एकटा पुरेसा आहे.

बाकी कारणं म्हणजे यकृताच्या आतल्या नळ्यांतले खडे, जन्मजात फुगलेली पित्तनलिका, हिपॅटायटिस बी आणि सी, सिरोसिस. वयही मोजतात. आणि बऱ्याच पेशंटमध्ये यातलं एकही सापडत नाही. त्यामुळे दोष कुणाच्या ताटाला द्यायचा, ही पंचायत बंद करा.

महालकर:

आभारी आहे, मॅडम. भावाच्या फायलीत तीन वर्षांपूर्वीचाही एक रिपोर्ट सापडला, त्यातही फॉस्फेटेज वाढलेलंच. कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा. एमआरसीपी गुरुवारी आहे, उपाशीपोटी बोलावलंय.

मोठ्या आईला सावजीचं वाचून दाखवलं. म्हणाली, डॉक्टरीणबाई नागपूरच्याच ना? मग त्या असंच सांगणार.