‘आधी देखणी, मग कामाची’? मला पटत नाही

चोपडेकर: काल इथे एका डिझायनरभाऊंनी दुकानांच्या वेबसाइटबद्दल लिहिलं, ‘गिऱ्हाईक पहिल्या नजरेचे पैसे देतं, उपयोगाचं मागून बघू.’ डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याची साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. उघडली की बागेचा व्हिडिओ, त्याखाली फिरते फोटो. आजचा भाव आणि फोन नंबर पार तळाला. शेतकरी बांधावर उभा, मोबाइलला रेंजची एक काडी, माल कापायचा की चार दिवस थांबायचं हे त्याला आत्ता ठरवायचंय. व्हिडिओ काढला, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात केले, भाव आणि नंबर वर आणला. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा असं गूगल सांगतं. त्या व्हिडिओसकट ते बांधावर कसं जमावं?

सराफगल्ली: तो मीच. केळीच्या मापाने सोनं मोजू नका, भाऊ. जळगावला लोक बाहेरगावाहून दागिने घ्यायला येतात ते विश्वासावर. लग्नाचा हार धुरकट फोटोत दाखवू का? एका दुकानाला साधी, झटपट उघडणारी साइट करून दिली होती. मालक म्हणाला, ‘हे वीजबिल वाटतंय.’ सहा महिने पैसे अडकले. तेव्हा घरभाडं कोणी भरलं?

भुसावळची ताई: हाराचा फोटो ठेवा ना, पण मराठी मजकूरही चित्र करून का चिकटवता? ते शोधात सापडत नाही, अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते वाचत नाही, मोबाइलवर मुंगीएवढं दिसतं. त्यात भर, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ला १ हवा, हा नियम काय शोभेचा आहे? माझे वडील सत्तरीचे. दुकानाची वेळ त्यांना मला फोन करून विचारावी लागते.

धुळेकर: ताई, दुकानदार पत्रिकेवाल्याकडून श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणतो. साइटवर टाकला की नुसता कचरा. मग चित्रच लावतो आम्ही. आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणारी, मराठी दिसते तरी कशी? मात्रा कापलेल्या.

भुसावळची ताई: मात्रा फॉन्ट कापत नाही, तुम्ही कापता! इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर ठेवता, म्हणून. मुक्ता नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, तो लावा, अंतर वाढवा. आणि चार पानं पुन्हा टाइप करायला एक दुपार लागते. मी केलंय. इंग्रजी मजकूर कधी चित्रात घातलात का? आळस मराठीच्याच वाट्याला का?

धुळेकर: आळशी म्हणू नका. त्या दुपारचे पैसे कोणी देत नाही.

चोपडेकर: मग कोटेशनमध्ये टायपिंगची ओळ वेगळी लिहा. मी लिहितो. निम्मे लोक देतात.

सराफगल्ली: बरं. मजकूर टाइप करून टाकेन, अक्षरं गडद करेन. ताईंच्या वडिलांचं लागलं मला. हाराचा मोठा फोटो मात्र पहिल्या पडद्यावरच राहील, त्यात तडजोड नाही. आणि चोपडेकर, भाव वर नेलात, पण रोज बदलतं कोण? माझ्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर दिवाळीचा सोन्याचा भाव होळीपर्यंत तसाच होता.

चोपडेकर: व्यापाऱ्याचा मुलगा बदलतो, सकाळी. तो परीक्षेला गेला तेव्हा आठ दिवस जुनाच राहिला, हे खरंय. आता भावाशेजारी तारीख टाकतो.