एसीपी शीटवर हाताने पाटी रंगवायचीय, रंग धरेल का?

घाणेवाला, इस्लामपूर

नमस्कार मंडळी. लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान टाकतोय. दर्शनी बाजूला ८ बाय ३ फुटांची पांढरी ग्लॉसी एसीपी शीट लावायचीय. फ्लेक्स नको, व्हिनाईलही नको, ब्रशनं काढलेली अक्षरं हवीत. एक पेंटर म्हणतो, "थेट इनॅमल मारतो, काही होत नाही." दुसरा म्हणतो, पापुद्रे निघतील, आधी रेड ऑक्साइड लागेल. खरं कुणाचं? आणि भावाचा हट्ट आहे की इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक. चालतं का तसं?

ब्रशवाला, सांगली

पापुद्रे निघतील हे खरं, रेड ऑक्साइडचं खोटं. ते लोखंडाला. एसीपी म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे, मधे प्लास्टिक आणि वर कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग. तुमचा ब्रश ॲल्युमिनियमला लागतच नाही, त्या रंगाला लागतो. म्हणून एच प्राइमरही (धातूला किंचित खाऊन धरणारा अस्तराचा रंग) फुकट जातो, त्याला उघडा धातू लागतो.

शीट घेताना विचारा, कोटिंग पॉलिएस्टर की पीव्हीडीएफ? पीव्हीडीएफ उन्हापावसाला भारी, पण नॉनस्टिक तव्याच्या लेपाचंच ते भावंड. डोसा सुटतो तसा रंग सुटतो. रंगवायचंच असेल तर पॉलिएस्टर घ्या.

शीटवर चिकटवून आलेली संरक्षक फिल्म उन्हात फार दिवस राहिली तर तिचा गोंद शीटवर उतरतो, मग तो काढत बसा. फिल्म काढली की साबणाच्या पाण्यानं धुवा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, एका फडक्यानं ओलं आणि उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं. आपल्याकडे रॉकेलचा बोळा फिरवायची सवय आहे, ती सोडा. त्याचा तेलकट थर मागं राहतो आणि तुमचं तर दुकानच तेलाचं! नंतर राखाडी स्कॉच-ब्राइट किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून, चमक मरेपर्यंत. ॲल्युमिनियम उघडं पडेस्तोवर मात्र नाही. वर पाणी शिंपडून बघा: थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे, सपाट पसरलं तर झालं.

चमक मेली की पांढरी शीट कळकट दिसते. माझा सल्ला, गाडी रंगवणाऱ्याकडून सगळ्या शीटवर हवा तो पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून घ्या. तो पक्का झाला की हलकं घासून त्यावर इनॅमलची अक्षरं. खडूचं सूतही मग नीट उमटतं. ग्लॉसीवर ते पुसून जातं.

शीटचा कापून उरलेला तुकडा फेकू नका. त्यावर हेच सगळं करा, आठवडाभर वाळू द्या, कटरनं दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या-उभ्या चिरा मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला चौकोन चिकटून आले तर पेंटर कितीही नावाजलेला असो, पाटी चढवू नका.

आता अक्षरं. फ्लेक्सवाले शिरोरेषा पाटीच्या मधोमध धरतात आणि वेलांट्या वर चेपतात, ते मला बघवत नाही. अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेखालचा मूळ भाग, १४ इंच धरलं तर मात्रा-वेलांटीला वर ५ इंच आणि उकाराला खाली ५ इंच सोडा. 'शुद्ध करडई तेल' लिहून बघा, वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. मी अक्षरांचं अंग आधी भरतो, शिरोरेषा शेवटी एका दमात ओढतो.

भावाला सांगा, राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही नाव मराठीत, देवनागरीत, सुरुवातीला लागतं, आणि इतर भाषेतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत.

फॅब्रिकेटर_ठाणे

वरचं बरोबर. माझ्याकडून दोन गोष्टी. कडा मागं वळवून ट्रे करणार असाल तर वळवणं आधी, रंग नंतर, नाहीतर वळणावर तडकतो. आणि शीट तापली की वाढते: ५० अंशांच्या फरकाला ८ फुटांत जवळजवळ ३ मिमी. स्क्रूची भोकं थोडी मोठी पाडा. घट्ट आवळली की उन्हाळ्यात पोट काढते.

घाणेवाला

दोघांचेही आभार. शीट पॉलिएस्टरचीच निघाली. पेंटर म्हणतो वर चढून रंगवतो, शीट आधी बसवून घ्या. आणि शेवटी वार्निश मारू का?

ब्रशवाला, सांगली

वर का चढायचं? खाली दोन लाकडी घोड्यांवर शीट ठेवून रंगवा आणि मग चढवा. बसवलेलीच असेल तर सकाळी ऊन यायच्या आत. तापल्या शीटवर रंग ब्रशखाली ओढला जातो, कड फाटते. संध्याकाळी उशिरापर्यंतही नको. ओल्या इनॅमलवर दव पडलं की चमक जाते.

वार्निश नको. साधं वार्निश उन्हात पिवळं पडतं, आणि अक्षरं लाल असतील आणि पुढं त्यांवर परत हात मारायचा झाला की आधी ते खरवडावं लागतं. लाल फिका पडणारच, दोन-चार वर्षांनी पेंटरला परत बोलवा. डब्यावरचा शेड नंबर आजच लिहून ठेवा.