मदत हवी आहे: अरब-ज्यू-पारशी संघर्षाचा तक्ता, बाण जुळत नाहीत (शनिवारच्या आत)

खटपट्या६२
नमस्कार मंडळी. शनिवारी माझा नंबर आहे आणि तक्ता अजून झालेला नाही. तीन गोल काढलेत: अरब, ज्यू, पारशी. बाहेर दोन चौकोन, ब्रिटन आणि अमेरिका. लाल बाण म्हणजे वैर, हिरवा म्हणजे मदत. इथवर ठीक. पण ज्यू गोलातून पारशी गोलाकडे लाल बाण काढला की कुठल्या तरी पुस्तकात मदत केल्याचं सापडतं. हिरवा काढावा तर रोजच्या बातम्या आडव्या येतात. अमेरिकेचे तर जिथे तिथे दोन्ही रंग. तीन कार्डशीट वाया गेले. कोण कोणाच्या बाजूने आहे एवढंच सांगा. इतिहास नको, फक्त बाण. आणि गुगल करा म्हणू नका, केलंय.

दुसरी_घंटा
कुठल्या सालचा तक्ता?

जुनाट_रेडिओ
आधी तो ‘पारशी’ खोडा. पारशी म्हणजे आपले नवसारी-मुंबईचे. इराणातल्यांना इराणी किंवा पर्शियन म्हणा. आणि सगळे इराणी पर्शियनही नाहीत बरं का: अझेरी आहेत, कुर्द आहेत, बलुची आहेत, खुझेस्तानात तर अरबच आहेत. म्हणजे तुमचा गोल तिथेच फुटला.
नंबर कसला आहे? शाळा, परीक्षा, की सोसायटी?

खटपट्या६२
खोडलं. साल कशाला हवं? आताचं, म्हणजे एकूणच. मी बाण विचारतोय.

मोडीवाचक
अरब आणि इराणी एक नव्हेत हे मराठी माणसाला तरी सांगावं लागू नये. फारसीची लिपी अरबीवरून घेतलेली, पण भाषेचं कूळ आपलंच. पेशवा, फडणीस, चिटणीस हे सगळे शब्द फारसीतूनच आले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना पर्याय म्हणून. यावर वेगळा धागा काढायचा विचार आहे.

दुसरी_घंटा
काढा, पण वेगळाच काढा.
खटपट्या, ‘एकूणच’ असा बाण नसतो. १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीवर मतदान झालं तेव्हा इराणने अरबांच्या बरोबरीने विरोधात मत दिलं (भारतानेही विरोधातच). १९५० मध्ये त्याच इराणने इस्रायलला व्यवहारापुरती मान्यता दिली. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांचा हिशोब साधा होता: शेजारचे अरब वैरी, तर त्यांच्या पलीकडचे बिगर-अरब धरून ठेवा. इराण, तुर्कस्तान, इथिओपिया. १९६७ नंतर इराणचं तेल इस्रायलच्या एलात बंदरात उतरायचं आणि नळाने अश्केलॉनला जायचं. तेहरानला इस्रायलची विमानं उतरायची. १९७९ मध्ये इराणात इस्लामी क्रांती झाली आणि काही दिवसांत इस्रायलची तेहरानमधली कचेरी पॅलेस्टिनी नेते अराफात यांच्या संघटनेच्या हाती गेली. आता यातला कुठला बाण काढायचा ते तुम्हीच ठरवा.

सरळमार्गी
उगाच गुंतागुंत करताय. हे १४०० वर्षांचं शिया-सुन्नी भांडण आहे. करबलाच्या लढाईपासून सुरू करा, सगळे बाण जुळतील.

वाळूतला_वडा
सरळमार्गी, मी एकवीस वर्षं दुबईत काढली. इराण-इराक युद्ध या सूत्रात बसवून दाखवा. इराकच्या पायदळात बहुतांश शियाच होते, ते शिया इराणविरुद्ध आठ वर्षं लढले. खुझेस्तानातले अरब आपल्याला येऊन मिळतील असं सद्दामला वाटत होतं. बहुतेक मिळाले नाहीत. सीरिया अरब, पण उभा राहिला इराणच्या बाजूने. आणि यात ज्यू कुठे बसवणार?

तेलाचा_डबा
कुणी तेलाचं नाव घेतलं नाही अजून? तक्त्याच्या मधोमध एक पिंप काढा, काम झालं.

थोडं सविस्तर सांगतो. १९०८ मध्ये इराणात मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. १९१४ मध्ये चर्चिल यांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने ते तेल काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला, कारण आरमार कोळशावरून तेलावर आणायचं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात इराणातल्या आबादानचा तेलकारखाना राखायला शेजारच्या इराकमधल्या फाओच्या किनाऱ्यावर कोण उतरलं? सहावी पूना डिव्हिजन. नावातच पुणं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन पुढे बगदादकडे निघाली, वाटेत कूतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे १३,००० कैदी झाले, त्यात बहुसंख्य हिंदी. पुढच्याच महिन्यात ब्रिटनचे सायक्स आणि फ्रान्सचे पिको यांचा तुर्कांचा अरब मुलूख वाटून घेण्याचा गुप्त करार झाला. म्हणजे आमची पोरं तुर्कांच्या कैदेत होती तेव्हा हे नकाशावर रेघा ओढत होते. मक्केच्या शरीफला (तिथला अरब अमीर) ब्रिटिशांनी स्वतंत्र अरब राज्याचा शब्द याच सुमारास दिलेला होता, आणि १९१७ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांच्या पत्राने ज्यूंनाही पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घराचा शब्द दिला.

आणि १९५३. इराणचे पंतप्रधान मोसादेग यांनी तेल राष्ट्रीय मालकीचं केलं म्हणून ब्रिटिश आणि अमेरिकी हेरखात्यांनी मिळून त्यांचं सरकार पाडलं. पहिला डाव फसला तेव्हा शाह (इराणचा राजा) आधी बगदादला आणि तिथून रोमला पळाला. तीन दिवसांनी, १९ ऑगस्टला, दुसरा डाव लागला. मोसादेग यांना तीन वर्षं कैद, मग मरेपर्यंत अहमदाबादच्या घरात नजरकैद (इराणातलं अहमदाबाद). पुढच्या वर्षी तेलाचा नवा करार झाला. त्यात ४० टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीला, ४० टक्के अमेरिकी कंपन्यांना. सीआयएने आपला हात २०१३ मध्ये कागदावर कबूल केला.

सरळमार्गी
म्हणजे सगळं गोऱ्यांनीच केलं, बाकीचे सगळे बाहुले? मोसादेग यांच्या बाजूचे धर्मगुरू अयातुल्ला काशानी त्यांना आधीच सोडून गेले होते, ते कुठल्या हेरखात्याच्या हुकमाने? सैन्यातले लोक फिरले तेही इराणीच होते. आणि २२ सप्टेंबर १९८० ला इराणवर चालून जायचं सद्दामने स्वतः ठरवलं.

तेलाचा_डबा
आतली फूट असतेच. पैसे वाटणारा बाहेरून आला, एवढंच म्हणतोय.

सरळमार्गी
तुमचं ‘एवढंच’ दीड पान असतं.

अश्दोदची_मालन
दादा, मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय. माहेर रेवदंड्याकडचं, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तुमच्या गोलांबद्दलच बोलते. आमच्या खालच्या मजल्यावर इराणातल्या शिराझच्या ज्यू आजी राहतात, घरात फारसी बोलतात, नवरोजला (इराणी नववर्ष) सात वस्तू मांडतात. समोरचं कुटुंब मूळ बगदादचं. म्हातारे अरबीत भांडतात, गाणीही अरबीच ऐकतात. १९५०-५१ मध्ये इराकमधून लाखावर ज्यू इथे आले, विमानांनी. आणि मी मराठी. सांगा, आम्हा तिघींना कुठल्या गोलात टाकणार? इथले एक राष्ट्राध्यक्ष, कत्साव, इराणातल्या यझ्दमध्ये जन्मले आणि एक संरक्षणमंत्री, मोफाझ, तेहरानला. तिकडे इराणच्या संसदेत ज्यूंसाठी एक जागा आजही राखीव आहे. गोल काढा, पण एकमेकांवर चढलेले काढा.

मोडीवाचक
मालनताई, तुमच्याकडे मलिदा अजून करतात का? पोह्यांचाच ना?

अश्दोदची_मालन
हो, पोहे, ओलं खोबरं, गूळ. पोहे इथे मिळतात, नारळ महाग पडतो.

खटपट्या६२
अहो मलिदा काय! मूळ प्रश्न तसाच आहे. इस्रायलने इराणला मदत केली की नाही? हो किंवा नाही.

दुसरी_घंटा
१९८० च्या दशकात केली. क्रांतीचे नेते खोमेनी यांचं राज्य आल्यावर, इस्रायलविरोधी घोषणा चालू असताना केली. इस्रायलला तेव्हा इराकची जास्त धास्ती होती. बगदादजवळच्या इराकी अणुभट्टीवर आधी इराणनेच सप्टेंबर १९८० मध्ये विमानं घातली होती, ती जुजबी नुकसान करून परतली. ७ जून १९८१ ला इस्रायलने ती उडवली. आणि अमेरिका एका हाताने सद्दामला इराणी सैन्याच्या हालचालींची माहिती देत होती, १९८५-८६ मध्ये दुसऱ्या हाताने चोरून इराणला रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं विकत होती. त्यातला काही पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांना गेला. तुमचे दोन्ही रंग बरोबर आहेत, खोडू नका.

वाळूतला_वडा
३ जुलै १९८८ विसरू नका. बंदर अब्बासहून दुबईला येणारं इराणी प्रवासी विमान अमेरिकी युद्धनौकेने पाडलं. २९० माणसं गेली, त्यात दहा भारतीय. मी गेलो तेव्हा दुकानातला इराणी म्हातारा अजून बोलायचा त्यावर. रक्कम वहीत लिहितालिहिता मध्येच थांबायचा.

कार्डशीट_काका
तक्ता कार्डशीटवर करूच नका, सुरळी होते. फ्लेक्स छापून घ्या. बाण चुकला तर वरून स्टिकर मारता येतो.

खटपट्या६२
सांगायचं राहिलं. आमचा ज्येष्ठ नागरिक कट्टा आहे, बारा मिनिटं मिळतात, तीसेक मंडळी. मागच्या शनिवारी मधुमेह झाला. प्रोजेक्टर नाही. आणि पहिल्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापक बसतात, ते बाणावर बोट ठेवून ‘हा कसा काय?’ विचारतात. खरं तर त्यांच्यासाठीच ही धावपळ.
तर असं करू का? तीन कागद: १९५३, १९६८, १९८६. प्रत्येकाचे बाण वेगळे. गोल मालनताई म्हणतात तसे एकावर एक. पिंप फक्त पहिल्या कागदावर.

तेलाचा_डबा
दुसऱ्यावर का नाही? एलातचा नळ काय दुधाचा होता?

सरळमार्गी
करबलाचा एक छोटा कागद चौथा ठेवा. मुख्याध्यापक विचारतीलच.

दुसरी_घंटा
१९८६ वर अमेरिकेचे दोन्ही बाण शेजारी शेजारी काढा. मुख्याध्यापक तिथेच बोट ठेवणार, उत्तर पाठ करून जा.

नवा_सभासद_९
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण विषय आवडीचा. कुठल्या सालचा तक्ता हवाय?