क्रोमवर युब्लॉक ओरिजिन बंद पडलं. आता फायरफॉक्स की ब्रेव्ह?

प्रश्न – शाईचा_डाग

मराठी बातम्यांच्या साइटवर दोन ओळी बातमी, मग जाहिरात, पुन्हा दोन ओळी, असं चालू झालंय. जाहिराती अडवणारं क्रोमवरचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), युब्लॉक ओरिजिन, 'आता चालत नाही' म्हणून बंद झालं. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ४ जीबी, फोन अँड्रॉइड. जाहिराती तर नकोतच, शिवाय मागावर राहणारे ट्रॅकरही नकोत. पण बँक आणि रेल्वे बुकिंग अडायला नको. काय घ्यावं?

प्रतिसाद १ – पाणवठा

आधी हे का झालं ते सांगतो. पूर्वी पानाने मागवलेली प्रत्येक फाइल आधी एक्स्टेंशनच्या नजरेखालून जायची, आणि अडवायची की सोडायची ते एक्स्टेंशन तिथल्या तिथे ठरवायचं. क्रोमच्या नव्या मॅनिफेस्ट व्ही३मध्ये, म्हणजे एक्स्टेंशनसाठीच्या नव्या नियमावलीत, एक्स्टेंशन फक्त नियमांची यादी ब्राउझरच्या हाती देतं, अडवतो ब्राउझर. २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीपासून जुनी पद्धत क्रोममधून गेली. फायरफॉक्सने ती ठेवली आहे, म्हणून रेमंड हिल यांचं पूर्ण युब्लॉक ओरिजिन तिथे चालतं. ते नीट चालतंही तिथेच: ट्रॅकर साइटच्याच उपनावामागे लपला असेल तर खरं नाव शोधून त्याला अडवणं फक्त फायरफॉक्सवर जमतं.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या ॲड-ऑन पानावरून टाका आणि नावात 'ओरिजिन' आहे ना ते बघा. नुसतं 'युब्लॉक' ही वेगळी वस्तू आहे. मग युब्लॉकचा डॅशबोर्ड उघडून फिल्टर लिस्ट्समध्ये, म्हणजे काय अडवायचं त्याच्या याद्यांमध्ये जा. भाषा-प्रदेशांच्या गटात 'इंडियनलिस्ट' आहे, त्यावर टिक करून अप्लाय. भारतीय भाषांतल्या साइटचे नियम त्यात आहेत. बाकी याद्या आहेत तशाच राहू द्या. दिसेल त्या यादीवर टिक केली की पानं मोडतात, आणि कोणत्या नियमाने मोडलं ते हुडकता हुडकता पुरेवाट होते.

दुसरा ॲडब्लॉकर सोबत ठेवू नका. 'ॲडब्लॉकर बंद करा' म्हणणाऱ्या साइटला चकवायला युब्लॉक जी स्क्रिप्ट पेरतं, तिचं काम दुसरा बिघडवतो. यूट्यूबवर जाहिराती परत दिसू लागल्या तर बहुतेक वेळा हेच कारण, किंवा जुनी यादी. त्याच फिल्टर लिस्ट्समध्ये कॅशे पर्ज करून (साठवलेल्या जुन्या प्रती पुसून) याद्या अपडेट करा.

प्रतिसाद २ – तिसरी_घंटा

वरच्याशी सहमत, पण जाहिरात अडवणं आणि खासगीपणा हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. प्रत्येक विनंती पाहू शकणारं एक्स्टेंशन म्हणजे घराची किल्ली दिलेला माणूस. युब्लॉक विश्वासाचं आहे. तशीच परवानगी मागणारं प्रत्येक अनोळखी एक्स्टेंशन मात्र विश्वासाचं नसतं. क्रोमवरच राहायचं असेल तर युब्लॉक ओरिजिन लाइट आहे. त्याच्या 'बेसिक' पातळीला पानं वाचण्याची परवानगी लागत नाही, पण जाहिरातींच्या रिकाम्या चौकटी मागे राहतात.

ब्रेव्हमध्ये अडवणारं यंत्र ब्राउझरच्या पोटातच आहे, एक्स्टेंशन लागत नाही. फिंगरप्रिंटिंग, म्हणजे ब्राउझरच्या बारीक खुणांवरून तुम्हाला ओळखणं, टाळायला तो कॅनव्हाससारख्या (पानावर चित्र काढण्याच्या सोयीच्या) उत्तरांत दर साइटला किंचित फरक करतो, हे मला फायरफॉक्सच्या साध्या सेटिंगपेक्षा सरस वाटतं. पण २०२० मध्ये याच ब्राउझरने पत्त्याच्या पट्टीत स्वतःचा कमिशनचा कोड जोडलेला आढळला होता. टीकेनंतर ते बंद केलं. मोझिलानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये 'तुमचा डेटा कधीच विकणार नाही' हे वचन आपल्या पानावरून काढलं, आणि तिची मोठी कमाई गूगल सर्चच्या करारातून येते. म्हणून कुठलाही घेतलात तरी सेटिंगमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन माहिती पाठवण्याच्या सगळ्या पर्यायांवरची टिक काढा.

प्रतिसाद ३ – पाणवठा

फिंगरप्रिंटिंगचं मान्य. मात्र फायरफॉक्सच्या about:config (आतल्या सेटिंगचं पान) मधलं resistFingerprinting चालू करू नका. साइटला भारतीय वेळेऐवजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दिसते, म्हणजे साडेपाच तास मागे.

प्रतिसाद ४ – उंबरठा

फोन आणि बँकेचं राहिलं. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेंशन नाहीतच. फायरफॉक्सवर हेच युब्लॉक ओरिजिन चालतं. फोनच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) dns.adguard-dns.com लिहिलं की ॲप्समधल्याही बऱ्याच जाहिराती थांबतात. यूट्यूबच्या नाही, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. आणि या पद्धतीत तुम्ही कोणत्या साइटचे पत्ते मागता ते त्या कंपनीला कळतं, हे धरून चाला.

बँक किंवा बुकिंगमध्ये पैसे भरताना पान पांढरं पडलं तर घाईने पुन्हा 'पे' दाबू नका, आधी खात्यातून पैसे गेले का ते बघा. मग युब्लॉकचं निळं पॉवर बटण त्या साइटपुरतं बंद करा. पेमेंटचं पान बहुधा वेगळ्या पत्त्यावर उघडतं, तिथेही ते बंद करावं लागतं. तरीही अडलं तर पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर टिचकी मारून फायरफॉक्सचं स्वतःचं संरक्षण त्या साइटला बंद करा. ते 'स्ट्रिक्ट'वर असेल तर अडायची शक्यता जास्त. 'स्टँडर्ड'वरही प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात राहतात, २०२२ पासून.

४ जीबीवर माझं मत: फायरफॉक्स, युब्लॉक ओरिजिन, इंडियनलिस्ट, 'स्टँडर्ड', आणि दुसरं एकही एक्स्टेंशन नाही.