‘दुय्यम’ साधन म्हणजे कमी दर्जाचं का?

भाची इथे ग्वाल्हेरलाच एमए करतेय, हिंदी मीडियम, विषय १८५७. प्राथमिक स्रोत आणि द्वितीयक स्रोत अशा दोन याद्या मागितल्यात. मराठीत आपण स्रोत म्हणतो की साधन? आणि गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, म्हणजे त्या धामधुमीतल्या प्रवासाच्या त्यांच्या आठवणी, कुठल्या यादीत घालायचं, ती म्हणते छापील पुस्तक आहे म्हणजे द्वितीयकच.

— साधन म्हणा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी जुने कागद छापले त्या खंडांचं नावच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, पहिला खंड १८९८चा. आणि छापलं की दुय्यम, म्हणजे तिचं ‘द्वितीयक’, झालं हे तिच्या डोक्यातून आधी काढा. त्या पहिल्याच खंडात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत, ती छापली तरी अस्सलच राहतात, पण त्यालाच जोडलेली राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना मात्र दुय्यम, म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही. कधी छापलं ते सोडा हो, लिहिणारा त्या घटनेच्या किती जवळ होता ते बघायचं.

— मला ‘दुय्यम’ शब्दच खटकतो. दुय्यम दर्जा, दुय्यम वागणूक असंच ऐकत आलोय आपण, मग पोरांना वाटतं ही यादी लहान ठेवली की मार्क जास्त, आणि वाचलेली चांगली चांगली पुस्तकं लपवतात. अर्थ एवढाच की मूळ कागद बघून नंतर कोणीतरी लिहिलेलं. ‘प्राथमिक’चं पण तेच, प्राथमिक शाळा, प्राथमिक माहिती, म्हणजे सुरुवातीचं काहीतरी सोपं. मी तरी अस्सल किंवा मूळ साधन म्हणतो.

— ‘अस्सल’ला माझी हरकत आहे, त्यात खरेपणा आपोआप येऊन बसतो. गोडसे भटजींचंच बघा ना, १८५८ ला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते, डोळ्यांनी बघितलंय, पण लिहिलं पंचवीसेक वर्षांनी. शिवाय १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा मजकुरात बदल केले, मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला काढली. साधन प्राथमिकच आहे, पण तारखा आणि आकडे दुसऱ्या कागदांशी ताडून घ्यायलाच पाहिजेत, आणि कुठली आवृत्ती वापरली ते तिने लिहायलाच हवं, नाहीतर वैद्यांचं वाक्य भटजींच्या नावावर जाईल.

हे फार कामाचं सांगितलंत. मग इथल्या फुलबागेतला झाशीच्या राणीचा घोड्यावरचा पुतळा? तिने फोटो काढून प्राथमिकमध्ये टाकलाय.

— प्रश्न काय घेतलाय त्यावर आहे. जून १८५८ मध्ये इथे लढाई कशी झाली हे शोधत असेल तर पुतळा काहीच सांगत नाही, तो कितीतरी नंतरचा. पण लोकांनी राणीला पुढे कसं लक्षात ठेवलं हा विषय असेल तर तोच पुतळा पहिल्या यादीत, अगदी हक्काने. म्हणून याद्या करायच्या आधी तिला प्रश्न एका ओळीत लिहायला सांगा आणि मग एकेक साधन त्या ओळीशेजारी ठेवून बघू दे.